एअरगन जिन्यावरून पडली, बाहेरून ठीक दिसते. वापरू का?

तुम्ही लिहिलंय की घेऊन महिनाही न झालेली एअरगन हातातून निसटली, चार पायऱ्या गडगडत गेली, दस्त्यावर एक ओरखडा सोडला तर काही दिसत नाही. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून ताणायची, स्प्रिंगवाली आहे असं धरून लिहितो. आपल्याकडे बहुतेकांकडे तीच असते.

पहिलं काम म्हणजे ती ताणलेल्या अवस्थेत पडली होती का, हे ठरवणं. आठवत नसेल तर ताणलेली आहे, आत छर्रा आहे असंच समजा. तोंड मोकळ्या जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर, एका हाताने नळी घट्ट धरून हळूच मोडा. लॉक सुटल्यावर नळी स्प्रिंगचा काहीच जोर न लागता लुळी खाली आली, तर बंदूक आधीच ताणलेली आहे. नळी उघडी असताना चापाला धक्का लागला तर ती फटकन मिटते आणि मध्ये बोट असेल तर बोटाचं काही खरं नाही. म्हणून नळीवरचा हात सोडायचा नाही. ताणलेली निघाली तर छर्रा आहे का बघा, नसेल तर घाला, नळी मिटवा आणि वाळूच्या गोणीत एकदा मारून मोकळी करा. रिकामी मारू नका, पुढे छर्रा नसला की पिस्टन थेट आदळतो.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुम्ही तेच करणार अशी मला शंका आहे. मी साताऱ्यात एमआयडीसीत टूलरूमला आहे. संध्याकाळी गच्चीवर १० मीटरवर कागद फोडायचा नाद. एका पावसाळ्यात पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली एअरगन ओल्या कोब्यावरून सरकली आणि आडवी पडली. उचलली, पुसली, पेढ्याच्या रिकाम्या खोक्यावर दोन छर्रे मारले, दोन्ही दोन बोटं उजवीकडे. मागची साइट फिरवली, नेम बसला, खूश. दुसऱ्या दिवशी छर्रे डावीकडे. परत फिरवली. आठवडाभर हाच खेळ, छर्ऱ्यांचा डबा संपला. कंपनीत एखादा ट्रेनी पोरगा मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) कसा धरलाय ते न बघता नुसते ऑफसेट मारत (मशीनचे आकडे बदलत) बसला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. आणि घरी मी नेमकं तेच करत होतो!

दोष निघाला दस्त्यात. पुढच्या बाजूला जिथे दोन्हीकडून स्क्रू येतात, तिथे भोकापासून केसाएवढी चीर गेली होती. नुसतं बघून दिसत नव्हती. एका हाताने नळी, दुसऱ्याने दस्ता धरून पिळ दिला तेव्हा बारीक ‘कुर्र’ वाजलं आणि पॉलिशवर काळी रेघ उमटली. छर्रा सुटला की दर वेळी लोखंड लाकडात कणभर सरकत होतं, मग नेम कुठला राहायला. तेव्हा साइटला हात लावण्याआधी असा पिळ देऊन बघा, दस्त्याच्या मुठीत धरायच्या बारीक भागातही बघा, आणि सगळे स्क्रू आवळा. स्क्रू आवळला आणि फिरतच राहिला तर लाकूड आतून गेलंय.

मग नळी. बंदूक मोकळी आहे याची खात्री करून नळी मोडा आणि चापाच्या बाजूच्या टोकातून ट्यूबलाइटकडे धरून आत बघा. आतल्या उजेडाची वलयं एकात एक, मधोमध दिसायला हवीत. एका बाजूला कलली असतील तर नळी वाकली आहे. मिटवल्यावर डावी-उजवीकडे हलवून बघा. तिथे प्ले (ढिलेपणा) असेल तर बिजागरीचा बोल्ट ढिला झालाय. तोंडाच्या कडेवरून कान साफ करायची कापसाची काडी फिरवा, कापूस जिथे अडकेल तिथे बर, म्हणजे धातूची उचललेली बारीक धार आहे, आणि तिथल्या एवढ्याशा ठोक्यानेही छर्रा वाकडा सुटतो. माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) वाकली असेल तर ती डोळ्यालाच दिसते.

हवा गळते का बघायला पातळ टिश्यू पेपरची पट्टी नळीच्या जोडावर टाकून एक बार काढा. पट्टी उडाली तर वॉशर सरकलंय किंवा नळी नीट मिटत नाहीये. उत्साहात आत तेल मात्र सोडू नका. दाबाने हवा इतकी तापते की तेल पेट घेतं, मोठा आवाज होतो आणि सील जातं.

सेफ्टीची परीक्षा सगळ्यात शेवटी, छर्रा भरून, तोंड गोणीवर. सेफ्टी लावून चाप दाबा, सुटायला नको. मग चापावरून बोट काढून दस्त्यावर तळहाताने दोन-तीन बऱ्यापैकी थापा मारा. सुटली, तर आतला खटका धरत नाही. ती बंदूक पुन्हा ताणू नका, दुकानदाराकडे न्या. ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून लोक खेळणं समजतात. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने सुटला की १० ज्यूल होतात, डोळ्याला त्याच्या निम्म्यातही काम होतं.

इथवर सगळं ठीक निघालं तर एकाच डब्यातले पाच छर्रे, पिशवीवर टेकवून, १० मीटरवर मारा. नेम कुठे लागला ते विसरा, भोकं किती जवळ आहेत ते बघा. पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात असतील पण बाजूला असतील, तर साइट खुशाल फिरवा. वाटाणे सांडल्यासारखी पसरली असतील तर कुठेतरी ढिलं आहे, साइट सोडा आणि परत स्क्रूपासून सुरू करा.

माझ्या चिरेत एपॉक्सी भरून सुतळीने आवळून दोन दिवस ठेवलं, चार महिने चाललं, मग नवा दस्ता बसवला. वाकलेली नळी झाडाच्या बेचक्यात अडकवून सरळ करून देणारे हुशार तुम्हाला भेटतील. मी डायल (बारीक वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून करायला बसलो तरी धजणार नाही, तेव्हा तुम्हीही त्यांच्या नादी लागू नका.

पाच छर्ऱ्यांच्या कागदाचा फोटो टाका, बघून सांगतो.