सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेला चेंडू परत हातात यायला किती वेळ लागतो?

साधारण ४.०८ सेकंद: सुरुवातीच्या वेगाची दुप्पट करा आणि तिला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने भागा. वर जाताना चेंडूचा वेग दर सेकंदाला ९.८ ने घटतो, त्यामुळे २० चा शून्य व्हायला २.०४ सेकंद लागतात. खाली यायलाही तेवढेच. गणितात गुरुत्वत्वरण १० धरायला सांगितलं असेल, तर उत्तर सरळ ४ सेकंद. चेंडूचं वस्तुमान दिलं असलं तरी ते सोडून द्या, या सूत्रात ते येतच नाही.

मात्र ही दुप्पट चालते ती चेंडू फेकला त्याच पातळीवर परत आला तरच. १५ मीटर उंच गच्चीच्या कठड्याबाहेर हात काढून तो वर फेकला आणि खाली जमिनीवर पडला, तर विस्थापन उणे १५ धरून −१५ = २०वे − ४.९वे² (इथे वे म्हणजे वेळ) हे वर्गसमीकरण सोडवावं लागतं. उत्तर येतं ४.७३ सेकंद. बहुतेकांचं गणित त्या उणे चिन्हापाशीच चुकतं, तिथे खरंच जपा. हवेचा रोध यात धरलेला नाही. प्लास्टिकच्या हलक्या चेंडूला प्रत्यक्षात याहून कमी वेळ लागेल.