आईला डिमेन्शिया आहे, ताटाकडे नुसती बघत बसते, भरवलं तर थुंकते, पाणी तर घेतच नाही. काय करू?

आधी एक सांगते, आई हट्ट करत नाहीयेत. माझ्या सासूबाईंना अल्झायमर होता, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, पाच वर्षं घरीच सांभाळलं, आणि पहिलं वर्षभर मीही "जेवा ना, किती वेळ झाला" म्हणून मागे लागायचे, त्या अजूनच गप्प व्हायच्या.

मग एक दिवस शेजारी बसून नीट बघितलं तर त्या स्टीलच्या ताटातून बोटांनी काहीतरी उचलत होत्या आणि तिथे काहीच नव्हतं, ट्यूबलाइट चमकत होती फक्त. या आजारात डोळे चांगले असले तरी दिसतंय ते मेंदूला नीट लागत नाही, पांढऱ्या डिशमध्ये दहीभात वाढला तर तो कळतच नाही. आम्ही बिननक्षीची लाल डिश आणली, एका वेळी एकच पदार्थ, टीव्ही बंद. मी समोर माझं ताट घेऊन बसायचे, पहिला घास त्यांच्या हातात देऊन हात तोंडापर्यंत न्यायचे, की दुसरा बऱ्याचदा त्या आपल्या आपण घ्यायच्या. भात कालवणं जमेना तेव्हा मऊ धिरडं, इडलीचे तुकडे, उकडलेलं रताळं असं हातात धरता येईल ते. गोडाची आवड वाढते म्हणून आमटीत गूळ जरा जास्त (शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून).

थुंकतात म्हणताय तर आधी तोंड बघा, टॉर्च लावून. आमच्याकडे कवळी सैल होऊन हिरडी सोलली होती आणि त्यांना ते सांगता येत नव्हतं.

पाण्याकडे मात्र खरंच लक्ष द्या. वयाने तहानच कमी लागते, त्यात मागायचं सुचत नाही. सासूबाई एकदा दोन दिवसांत कुणालाच ओळखेनाशा झाल्या, आम्हाला वाटलं आजार वाढला, निघालं लघवीचं इन्फेक्शन, आणि पाणी कमी पडलं की ते होण्याची शक्यता वाढते. असा अचानक बदल दिसला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. स्टीलच्या फुलपात्रातलं पाणी त्यांना दिसायचं नाही, काचेच्या ग्लासात कोकम सरबत दिलं की रंग बघून हात पुढे यायचा. ताक, सार, पेज, कलिंगड, सगळं पाण्यातच धरा. आणि चहा बशीत ओतून, आयुष्यभर तशीच सवय होती, बशी हातात दिली की फुंकर आपोआप यायची.

भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर घरघरता येत असेल किंवा घास गालातच राहत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, स्पीच थेरपिस्टला दाखवा, गिळण्याचं तेच तपासतात.

आई पूर्वी काय आवडीने खायच्या ते लिहा ना, कसं करून देता येईल ते सांगते.