‘संकरित बांडगूळ’: दोन्ही शब्द चुकले

प्रश्न : फिलिपिन्सच्या जंगलात झाडांवर आपोआप वाढणाऱ्या ‘फॅलेनॉप्सिस × इंटरमीडिया’ या ऑर्किडला ‘संकरित बांडगूळ’ म्हटलेले वाचले. बरोबर आहे का?

नाही. बांडगुळाचे आधी उरकतो. बांडगूळ फांदीत शोषकमुळे घुसवते. आंब्यावर ते धरते तिथे फांदीला गाठ येते. या ऑर्किडची चपटी, रुपेरी मुळे सालीला नुसती चिकटून पसरतात आणि पावसाचे पाणी टिपतात. मूळ अलगद सोलले तर खालची साल शाबूत असते. ही अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडाचा नुसता आधार घेणारी. दिसेल त्या ऑर्किडला बांडगूळ म्हणणे आता पुरे.

खरी गंमत ‘संकर’ शब्दात आहे. सम् + कृ, म्हणजे ‘एकत्र करणे’, अशी फोड जाणकारही बिनदिक्कत देतात. साफ चूक! ‘कृ’पासून होतो तो संस्कार. संकर येतो दीर्घ ॠकाराच्या कॄ धातूपासून : विखुरणे, उधळणे. संकीर्ण, विकीर्ण, प्रकीर्ण ही त्याची सख्खी भावंडे. अमरकोशात संकर म्हणजे चक्क झाडून गोळा झालेला केर. त्याच धातूचा ‘उत्कर’ प्राकृतातून मराठीत उतरला तो उकिरडा होऊन! म्हणजे शब्दाचा मूळ भर करण्यावर नाहीच. इकडचे-तिकडचे मिसळून जाण्यावर आहे.

म्हणून ‘संकरित’ इथे खटकतो. पुष्पित, पल्लवित यांतही ‘इत’ आहे आणि तिथे कुणी कर्ता लागत नाही, हा व्याकरणाचा आक्षेप मान्य. पण संकरित ज्वारी, संकरित गाय या प्रयोगांनी त्या शब्दाला माणसाचा हात असा चिकटला आहे की तो सुटत नाही. इथे मात्र पांढऱ्या, मोठ्या फुलाची अ‍ॅफ्रोडायटी आणि गुलाबी, लहान फुलाची इक्वेस्ट्रिस या फॅलेनॉप्सिसच्याच दोन जातींचे परागपिंड (परागकणांचे गोळे) कीटकांनीच इकडून तिकडे नेले. वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलीने १८५३ मध्ये ‘इंटरमीडिया’ हे ‘मधली’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे इंग्लंडात व्हीच यांच्या रोपवाटिकेत याच दोन जातींचा हाताने संकर केला, १८८६ मध्ये फूल आले आणि ते रानातल्याशी जुळले. त्या रोपाला खुशाल संकरित म्हणा. रानातले ते ‘संकरज’, किंवा सरळ ‘नैसर्गिक संकर’.

आणि नावातले × हे संकर दाखवणारे गुणाकाराचे चिन्ह आहे. ‘एक्स इंटरमीडिया’ असे वाचू नये.