पॅरिसमध्ये साठ युरोत दोघांचं रोमँटिक जेवण कुठे होईल?

होईल, पण दुपारी. माझा मेहुणा हे वाचून परत म्हणणार, "भर दुपारी कसला आलाय डोंबलाचा रोमान्स!" नदीवरच्या बोटीत जेवल्याशिवाय पॅरिस झालंच नाही, असं त्याचं मत. गेली कित्येक वर्षं आमचं यावरून वाजतंय.

तुम्ही विचारलंय की लग्नाचा दहावा वाढदिवस आहे, दोघांत साठ युरो आहेत आणि टेबलावरून आयफेल टॉवर दिसायला हवा. टॉवर खालच्या हिरवळीवर बसून फुकट दिसतो. टेबलावरून बघायचा तर पैसे खिडकीचे मोजायचे, आणि ताटात काय येईल ते नशीब.

गल्लीबोळातल्या छोट्या बिस्त्रोंमध्ये, म्हणजे साध्या खानावळींत, सोमवार ते शुक्रवार दुपारी 'फॉर्म्युल' असतं. आंत्रे आणि प्ला, किंवा प्ला आणि देसेर (शेवटचं गोड), दर ठरलेला, माणशी साधारण १८ ते २५ युरो. आचारी तोच, भांडी तीच, रात्री मात्र दर बराच चढा. फ्रान्समध्ये आंत्रे म्हणजे सुरुवातीचा पदार्थ आणि प्ला म्हणजे मुख्य. अमेरिकेत मुख्य पदार्थालाच आंत्रे म्हणतात, त्यामुळे तिथे राहिलेली मंडळी इथे हमखास फसतात.

फॉर्म्युल दाराबाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलेलं असतं. पाटीवर चार-पाचच पदार्थ असतील आणि एक वाजेतो त्यातला एखादा पुसलेला दिसला, तर खुशाल आत शिरा. बेताचं शिजवतात आणि संपलं की संपलं म्हणतात, एवढं त्या पुसलेल्या ओळीवरून कळतं. उलट, फोटोवालं मेन्यूकार्ड सहा भाषांत छापलंय आणि दारात माणूस हाका मारतोय, तर पुढे चला. लॅटिन क्वार्टरमधली रू द ला युशेत ही अख्खी गल्ली अशीच आहे. मेन्यूवर छपराचं झाकण असलेल्या पातेल्याचं चित्र दिसलं तर तो पदार्थ तिथेच बनवलेला. ही खूण २०१४ पासून कायद्याने आलेली आहे.

साडेबाराला पोचा. दोननंतर बहुतेक चुली बंद होतात, त्या थेट संध्याकाळी सात-साडेसातला पेटतात. आत शिरताच "बाँजूर" म्हणा आणि टेबल दाखवेपर्यंत उभे राहा. आपण होऊन जाऊन बसलात की वेटरचा चेहरा पडलाच.

बिल फुगतं ते पिण्याने. वेटर विचारतो, पाणी साधं की बुडबुड्यांचं? दोन्ही बाटलीतली, दोन्हीचे पैसे. तुम्ही म्हणायचं, "युन काराफ दो." नळाचं पाणी सुरईत येतं, फुकट, आणि ते द्यायला ते कायद्याने बांधलेले आहेत. पावही फुकट. जेवणाआधीच्या पेयाला नको म्हणा. वाइनची बाटली न घेता 'पिशे' मागा, म्हणजे घरची वाइन छोट्या जगमधून. दोघांना ५० सेंटिलिटर पुरते. दोन फॉर्म्युल ४४, पिशे १४, झाले ५८. सर्व्हिस आणि कर छापील किमतीतच असतात. कार्डाच्या मशीनवर टिप विचारली तर शून्य दाबायला लाजू नका. मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, त्यामुळे तीनपर्यंत बसलात तरी कोणी उठवत नाही. बोटीत मात्र धक्का आला की उठायचं! (हे मेहुण्यासाठी.)

रात्रीच हवं असेल तर 'बुइयाँ' शोधा, म्हणजे जुन्या धाटणीची स्वस्त खानावळ. १८९६ सालचं शार्तिए प्रसिद्ध आहे. वेटर टेबलावरच्या कागदावरच हिशोब मांडतो. पण गर्दीत तुमच्याच टेबलावर अनोळखी जोडपं आणून बसवतात, वाढदिवसाला ते नको. त्यापेक्षा रू द्यू फोबूर सें-दनीवरचं ज्युलियाँ बरं. काचेचं छत, भिंतींवर फुलांमधल्या स्त्रियांची चित्रं, आणि आधी टेबल राखून ठेवता येतं. गोंगाट तिथेही आहे.

सवलतीची ॲप वापरणार असाल तर अटी वाचा. पन्नास टक्के सूट बहुतेक वेळा पेयांना आणि ठरीव मेन्यूला लागत नाही.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: रविवार-सोमवार पुष्कळ बिस्त्रो बंद असतात, ऑगस्टमध्ये मालकच सुट्टीवर जातात. वाढदिवस १४ फेब्रुवारीच्या आसपास असेल तर तो एक दिवस टाळा, महागडा ठरीव मेन्यू गळ्यात मारतात. पाटीवर 'तारतार' दिसलं तर ते बहुधा कच्चं गोमांस. शाकाहारी असाल तर वरचं निम्मं उत्तर बाद, कारण सॅलडमध्येसुद्धा पुष्कळदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, त्यांना लार्दों म्हणतात. मग मोंपार्नास स्टेशनजवळच्या रू द्यू मोंपार्नासवर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोकांची क्रेपची, म्हणजे पातळ धिरड्यांची, दुकानं आहेत. कुट्टूच्या पिठाचं खमंग गॅलेत, अंडं-चीज घातलेलं, "साँ जाम्बों" (हॅम नको) म्हणून सांगायचं, सोबत वाडग्यातून सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. साठातले वीसेक युरो उरतीलच.