अंगणातील प्रीकास्ट फायरप्लेस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: परभणीजवळ शेतात आम्ही नुकतेच घर बांधले आहे. हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांचा राबता असतो आणि रात्री थंडीही चांगलीच पडते, म्हणून अंगणात सुट्या भागांची प्रीकास्ट, म्हणजे साच्यात आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटची फायरप्लेस बसवायची आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे जमिनीवर चार इंच काँक्रीट टाकून भाग एकावर एक रचले की काम संपते. आमची जमीन काळी आहे आणि आमच्या मिस्त्रींनी हे काम यापूर्वी केलेले नाही. काय काळजी घ्यावी?

उत्तर: मुरमाड किंवा कातळाच्या जागी विक्रेत्याचा सल्ला कदाचित निभावून जाईल, पण काळ्या मातीवर तो मुळीच मानू नये. या मातीतील चिकण खनिजे पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे तिच्यावर ठेवलेली पातळ लादी दरवर्षी वर-खाली होते, आणि तेही सगळीकडे सारखे नव्हे. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो असते, म्हणजे अर्धा घनमीटर काँक्रीट असलेली मध्यम आकाराची फायरप्लेससुद्धा बाराशे किलोंची होते. इतके वजन एका बाजूला झुकू लागले की सर्वांत आधी धुराड्याचे सांधे उघडतात आणि मग त्यांतून पाणी आत उतरते. माझ्या मते या कामातला निम्म्याहून अधिक विचार आणि खर्च जमिनीखालीच व्हायला हवा.

प्रथम जागेवर एक खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. चार-पाच फुटांत लागला, तर सगळी काळी माती काढून पाया थेट त्यावरच घ्यावा. त्याहून खोल असल्यास निदान तीन फूट माती काढून टाकावी आणि त्या जागी न फुगणारा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि धुमसाने ठोकून भरावा. खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा भरावात जाणार नाही, यावर स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे, कारण मजूर जवळचा ढीग आधी ओढतात. भरावावर पीसीसीचा, म्हणजे सळया नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सळयांची जाळी असलेली किमान सहा इंचांची आरसीसी लादी टाकावी. ही लादी घराच्या जोत्याला किंवा कंपाउंडच्या भिंतीला जोडू नये, मध्ये फट ठेवावी, म्हणजे एक हलले तरी दुसऱ्याला तडा जाणार नाही. नदीकाठच्या शिवारात काळी माती कित्येक फूट खोल असते आणि तेथे भरावाचाही पुरता भरवसा देता येत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले जमिनीतील काँक्रीटचे खांब, विकसित केले आहेत, ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात. परंतु एका फायरप्लेससाठी तेवढा खर्च करण्यापेक्षा हलके मॉडेल घेणे किंवा शेतातील माळाकडची जागा निवडणे अधिक शहाणपणाचे. न्हाणीचे सांडपाणी आणि छपराची पागोळी पायाजवळ मुरणार नाही, अशी व्यवस्था कोणत्याही परिस्थितीत करावीच.

लादी पक्की होईपर्यंत घाई करू नये. पूर्ण ताकदीसाठी २८ दिवस धरतात. भाग उतरवण्यासाठी हायड्रा क्रेन किंवा चेन पुली लावावी आणि पट्टा भागात बसवलेल्या हुकांतच अडकवावा. कडेला दोर बांधून उचलल्यास कोपरे उडतात. मसाला न लावता सर्व भाग एकदा कोरडेच रचून पाहावेत, कारण उत्पादकाच्या नकाशात आणि प्रत्यक्ष साच्यात अर्ध्या इंचाचा फरक निघू शकतो आणि तो मसाला लावल्यावर कळून उपयोग नसतो. मग पायाचा भाग पाणलेव्हलने समपातळीत आणि वरचा प्रत्येक भाग ओळंब्यात घ्यावा. आपल्या मिस्त्रींना हे काम नवे असले, तरी ओळंबा आणि पातळी यांत त्यांचा हात बसलेला असणार, तेव्हा त्याची फार चिंता करू नये.

जागा निवडताना वारा पाहावा. आपल्याकडे हिवाळ्यात तो बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो. वारा फायरप्लेसच्या पाठीवर आदळला, तर पुढच्या बाजूला हवेचा दाब कमी होऊन धूर बसणाऱ्यांकडे खेचला जातो. म्हणून पाठ वाऱ्याकडे करू नये. ठरवलेल्या जागी दोन-तीन संध्याकाळी साधी शेकोटी पेटवून धूर कोठे जातो ते पाहिले, तर अंदाज पक्का होतो. कडब्याच्या गंजी आणि गोठा यांपासून ही जागा दूरच असावी, कारण तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकून जळतात आणि त्यांच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर उडत जातात. त्या केवळ पेटवण्यापुरत्या वापराव्यात, मुख्य जळण म्हणून वाळलेली, फोडलेली बाभूळ घ्यावी आणि धुराड्याच्या तोंडाशी जाळी बसवावी. जाता जाता एक सांगतो: हुरडा भाजायला गोवऱ्यांची आगटीच बरी. फायरप्लेसच्या जाळात कणसे वरून करपतात आणि दाणे आत कच्चेच राहतात.

प्रश्न: आम्ही लातूरचे. धुराडे किती उंच असावे आणि भूकंपाच्या दृष्टीने ते धोक्याचे ठरेल का?

उत्तर: उंचीआधी धुराड्याचे आतले माप पाहावे. त्याचे क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण दहाव्या भागाइतके असावे असा जुना ठोकताळा आहे. तोंड तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच असेल, तर क्षेत्रफळ साडेसात चौरस फूट होते, म्हणजे धुराड्याला आतून पाऊण चौरस फूट, अर्थात साधारण साडेदहा इंच बाय साडेदहा इंच जागा लागते. ती कमी पडल्यास कितीही उंची वाढवली तरी धूर पुढून बाहेर येतो. दहा फुटांच्या आत घराचे छप्पर असल्यास धुराड्याचे टोक त्याच्याहून दोन फूट तरी वर असावे. मोकळ्या अंगणात एवढ्या उंचीची गरज नसते.

किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माती-दगडाच्या जाड, जड आणि आपसांत न बांधलेल्या भिंतींनी काय केले, ते आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. नुसते एकावर एक ठेवलेले प्रीकास्ट भागही तशीच सुटी रास असतात. म्हणून कोपऱ्यांत उभ्या सळयांसाठी छिद्रे असलेला संच घ्यावा, सळया पायाच्या लादीतूनच वर काढाव्यात आणि छिद्रे ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मसाल्याने भरावीत. अशी सोय नसलेला संच घ्यायचाच असेल, तर धुराडे आखूड ठेवावे, आणि मुलांच्या खेळण्याची जागा किंवा घराचे दार त्याच्या पडण्याच्या टप्प्यात येऊ देऊ नये.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरात आमचे दुमजली घर आहे. गच्चीवर अशी फायरप्लेस ठेवता येईल का?

उत्तर: नाही. वापरातील गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलोंचा चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार धरतात, आणि फायरप्लेसचे हजार-बाराशे किलो जेमतेम एका चौरस मीटरवर येतात. गच्चीसाठी पत्र्याची हलकी शेगडी घ्यावी आणि तिच्याखाली विटांचा थर द्यावा.

प्रश्न: नांदेडमध्ये आम्ही गेल्या वर्षी फायरप्लेस बसवली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मोठा जाळ केला, तेव्हा आतील काँक्रीटचे पापुद्रे आवाज करत उडाले. माल खराब होता का?

उत्तर: मालावर ठपका ठेवण्याआधी आत अग्निविटांचे अस्तर आहे का ते पाहावे. आपल्या वर्णनावरून ते नसावे. साध्या सिमेंट काँक्रीटची ताकद सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागते आणि ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटमधील कॅल्शियम हायड्रॉक्साइड विघटित होते. पावसाळाभर काँक्रीटने शोषलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती पृष्ठभागच उडवते. आपल्याकडे हेच घडले असावे.

सैल झालेला भाग खरवडून काढावा आणि आतून ९ बाय साडेचार बाय ३ इंचांच्या फायरक्ले विटांचे अस्तर घ्यावे. सांधे पातळ ठेवावेत आणि ते फायरक्लेच्या उष्णतारोधक मसाल्याने भरावेत, साधे सिमेंट तेथे टिकत नाही. विटा आणि काँक्रीट यांच्यात इंचभर फट ठेवून तीत सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता सोसणारी लोकरीसारखी भर घालावी, कारण तापलेल्या विटा प्रसरण पावतात आणि जागा नसेल तर बाहेरच्या काँक्रीटला ढकलतात. उरलेली शहाबादी फरशी आत लावण्याचा मोह टाळावा. ती थरांची असते आणि तापली की तडकते. पुढच्या ओट्याला मात्र ती चालेल.

अस्तर आठवडाभर वाळू द्यावे, मग काही संध्याकाळी मूठभर काटक्यांपासून सुरुवात करून जाळ रोज थोडा वाढवावा. दरवर्षी पावसाळ्यानंतरही हाच क्रम पाळावा आणि विझवताना पाणी ओतू नये. धुराड्यावर टोपी बसवून तळाला पुढे किंचित उतार दिला, तर पुढील पावसाळ्यात आत पाणी साचणार नाही. केसाएवढ्या भेगा पडल्यास घाबरू नये, पण ज्या भेगेत नाण्याची कड शिरते, ती भरण्याआधी पाया बसला आहे का ते तपासावे.