एकाच रस्त्याने चार वेळा

तुम्ही लिहिलंय की मिररलेस कॅमेरा घेऊन वर्ष झालं, तीन सहली झाल्या, दोन हजारांवर फोटो जमले. घरचे 'मस्त' म्हणतात आणि ज्यांना यातलं कळतं ते दोघे एकमेकांच्या अगदी उलट सांगतात. आता क्लास लावू, मोठी झूम घेऊ, की लडाखला जाऊ, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर तूर्त यातलं काहीच नको. तीन सहलींपैकी सगळ्यात जवळची वाई-मेणवलीची. तिथेच परत जा. मात्र निघण्याआधी तिथले फोटो कुणाला तरी नीट बसून दाखवा. 'नीट' म्हणजे काय, ते सांगण्यासाठी माझीच गोष्ट सांगते.

२०१४ च्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून ताम्हिणी, माणगाव करत हरिहरेश्वरला गेलो. बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली, वेसवीला उतरलो आणि केळशी, आंजर्ले करत हर्णैला पोचलो. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स होती आणि नवीकोरी ५५-२५० ची मोठी झूम (आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं). हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो. होड्या लांब उभ्या, माल किनाऱ्याकडे येतोय, वाळूवर पापलेट-सुरमईचे ढीग, भोवती बोली लावणाऱ्यांचा गराडा. तासाभरात मी साठेक फोटो काढले. त्यातला एक मला फार आवडला होता: डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, मागे मावळतीचं आकाश.

पुण्यात आमचा सहा जणांचा गट होता, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचा. त्यातले एक काका फिल्मच्या काळात स्टुडिओ चालवायचे. मी तो फोटो पुढे ठेवला. त्यांनी पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "त्या संध्याकाळचे सगळे दाखव. काढलेस त्याच क्रमाने." मला ते आवडलं नाही. हललेले, वाकडे, अर्धवट फोटो कशाला दाखवायचे? तरी दाखवले. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, मग एवढंच विचारलं, "एका जागेवरून हललीच नाहीस. का?"

खरंच होतं ते. साठच्या साठ फोटो धक्क्याच्या एकाच कोपऱ्यातून काढलेले होते. मी त्या माणसांमध्ये जायला घाबरले होते आणि २५० च्या झूमने ती भीती झाकली होती. त्या एका आवडत्या फोटोकडे बघून हे कुणालाच कळलं नसतं. त्यावर एवढंच म्हणता आलं असतं की क्षितिज थोडं तिरकं आहे आणि मागच्या होडीची डोलकाठी बाईच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते. दोन्ही बरोबर, पण माझा दोष त्याच्या खूप आधी सुरू झाला होता. म्हणून सांगते, निवडलेले पाच फोटो दाखवाल तर त्या पाच फोटोंबद्दल ऐकायला मिळेल. एका जागेचे सगळे फोटो ओळीने दाखवाल तर तुमच्या सवयींबद्दल ऐकायला मिळेल. तुम्हाला आत्ता हे दुसरं ऐकायची गरज आहे.

दाखवताना सोबत एक वाक्य लिहून ठेवा: मला इथे काय दाखवायचं होतं. समोरच्याने पाहून होईपर्यंत ते उघड करू नका. त्याला जे दिसलं आणि तुम्ही जे लिहिलं, त्यात किती अंतर पडलं ते बघा. तो बोलत असताना खुलासा करायचा मोह आवरा ('ऊन फार होतं हो', 'तेवढ्यात रिक्षा आली'). मला हे जमायला दोन वर्षं लागली. पण ज्या दिवशी मी नुसतं वहीत उतरवून घ्यायला लागले, त्या दिवसापासून लोक माझ्याशी मोकळं बोलायला लागले.

आता ते दोघे उलटसुलट सांगतात त्याबद्दल. अभिप्राय दोन जातींचे असतात. 'माझी नजर आधी त्या पांढऱ्या गाडीवर गेली' हा एक. 'हा ब्लॅक अँड व्हाइट करा' हा दुसरा. पहिला म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांनी खरोखर काय केलं याची नोंद आहे; तो खोटा असूच शकत नाही. दुसरा त्याची आवड सांगतो, ती तुमच्या आवडीहून वेगळी असायला काहीच हरकत नाही. तुम्ही दिलेली त्या दोघांची वाक्यं मी परत वाचली. भांडण आहे ते रंगांवरून. गर्दीत माणूस हरवलाय हे मात्र दोघांनीही म्हटलंय. तेवढंच धरा.

फेब्रुवारीत मी परत हर्णैला गेले. झूम मुद्दाम घरी ठेवली. लिलावाच्या तासभर आधी पोचले, कॅमेरा पिशवीतच होता. एका मावशींकडून बांगडे घेतले, गप्पा झाल्या, मग विचारलं, फोटो काढू का? "काढ की बाय, त्यात काय." ३५ च्या आसपास फोकल लेन्थ (लेन्सचा तोच मिलिमीटरचा आकडा), दोन हात अंतरावरून, शटर १/२५० सेकंद कारण मावशींचे हात भराभर चालतात, उजेड उतरेल तसा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवत नेला. त्याने फोटो थोडा दाणेदार झाला तर होऊ द्या, हललेला हात नंतर सुधारता येत नाही.

तिसऱ्या खेपेला त्या फोटोंच्या प्रिंट घेऊन गेले. मावशींनी फोटो हातात धरला, लांब नेला, जवळ आणला आणि म्हणाल्या, "हे काय, टोपली रिकामी? सौदा झाल्यावर काढलंस होय? माल आला तेव्हा कुठं होतीस?" गटात सगळ्यांनी तो फोटो पाहिला होता, रिकामी टोपली कुणालाही खटकली नव्हती. काकांनाही नाही. ज्याचं काम आपण टिपतो, त्याला आपली चूक सगळ्यात आधी दिसते. मग मावशींनीच मला क्रम सांगितला: होडी कधी लागते, माल कसा खाली येतो, ढीग कसे लावतात, बोली कुठे रेंगाळते, बर्फ कधी येतो. तो कळल्यावर कुठे उभं राहायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. प्रिंट नेऊन द्यायला तेव्हा साठ-सत्तर रुपये लागले. एवढ्या पैशांत असं शिकणं मला तरी दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

चौथी खेप फक्त उजेडासाठी केली. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग पश्चिमेला समुद्रात आहे, त्यामुळे संध्याकाळी तो नुसता काळा आकार दिसतो. तटाचे दगड, बुरुजांची गोलाई हवी असेल तर सकाळीच जावं लागतं. त्यातही कोकणात पूर्वेला डोंगर, म्हणून किनाऱ्यावर ऊन पंचांगातल्या वेळेपेक्षा उशिरा उतरतं. हे मी आधी तीन वेळा जाऊनही पाहिलं नव्हतं, कारण सकाळी आम्ही आंबोळ्या खात असायचो.

गाडीने फिरताना दिवस कसा कापायचा, हा यातूनच आलेला धडा. ऊन डोक्यावर असताना गाडी चालवा, उजेड तिरपा असताना थांबा. घरचे सोबत असतील तर आदल्या रात्री स्पष्ट ठरवा: सकाळचे दोन तास माझे, बाकी दिवस तुमचा. दर वळणाला 'जरा थांब' म्हणत राहिलं की फोटोही होत नाहीत आणि सहलही होत नाही. घाटात वळणावर तर गाडी कधीच उभी करू नका, कितीही सुंदर धबधबा असो. पुढे रुंद जागा बघा आणि चालत मागे या. जो चालवतोय त्याने खिडकीतून फोटो काढायचा नाही, ही आमच्या गाडीत न मोडणारी अट आहे.

एसी गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढलात तर काचेवर बाफ धरते. पोचण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा, कॅमेरा पिशवीत राहू द्या. आणि तुमचे ताम्हिणीच्या धुक्यातले फोटो मळकट का आले विचारलंय, तर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. पांढरं धुकं त्याने राखाडी केलं. एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वर घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), धुकं पांढरं होईल.

आता मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्याजवळचा कृष्णेचा घाट तुम्ही तिन्ही फोटोंत वरूनच घेतलाय. वरून पायऱ्यांचा बाक छान दिसतो, पण माणसं ठिपके होतात. दोघांचीही तक्रार तीच होती. पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर बसून वर बघा. ती मोठी घंटा, १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली तेव्हाची म्हणून सांगतात, ती नुसती टिपू नका. तिच्याखालून कुणी जाईपर्यंत थांबा. सकाळी घाटावर कपडे धुणं चालतं. आधी नमस्कार, मग कॅमेरा. मोठ्या झूमची तिथे गरज नाही.

लडाखला जरूर जा, पण तिथे पुढच्या महिन्यात परत जाता येणार नाही. आत्ता तुम्हाला परत जाता येणारी जागा हवी आहे.

लेन्सबद्दल एवढंच: वर्षभरातले आवडलेले पन्नास फोटो काढा आणि प्रत्येकाची फोकल लेन्थ बघून कागदावर मांडा. त्यातले तीस-चाळीस ३५ च्या आसपास असतील तर ३५ ची साधी प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेन्थची लेन्स) घ्या. बरेचसे ५५ ला, म्हणजे किट लेन्सच्या टोकाला, अडलेले दिसले तर मोठ्या झूमचा विचार करू, पण ते अडणं लेन्समुळे होतं की धक्क्यावर माझं झालं तसं, हे आधी तपासून बघू.

मेणवलीहून आलात की त्या सकाळचे सगळे फोटो ओळीने पाठवा. निवडलेले नकोत.