ग्रुपवर फोटो पडतात, दुरुस्ती होत नाही: काय बदलायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परिसराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज खड्डे, बंद दिवे, तुंबलेली गटारं यांचे फोटो पडतात, खाली 'हो ना', 'कोणीतरी बघा' अशी रांग लागते आणि महिनाभराने दिवा बंदच असतो. असं का होतं?

बहुतेक वेळा दोन कारणं असतात. त्या फोटोवरून दुरुस्तीला निघालेल्या माणसाला जागा सापडत नाही. आणि तक्रार यंत्रणेच्या नोंदीत गेलेलीच नसते, कारण दुसऱ्या कोणीतरी केली असेल असं प्रत्येकाला वाटतं. ग्रुप माहिती जमवायला आणि पाठपुराव्याला उत्तम, पण नोंद पालिकेच्या (किंवा तुमच्याकडे जी यंत्रणा असेल तिच्या) ॲपवर, पोर्टलवर किंवा हेल्पलाइनवरच व्हायला हवी, आणि तिचा क्रमांक ग्रुपवर परत यायला हवा. क्रमांक आला नाही तोवर तक्रार झाली नाही असंच धरा.

काही गोष्टी आधी ग्रुपवर टाकायच्याच नाहीत. तुटून पडलेली वीजतार, गॅसचा वास, आग, उघडं पडलेलं मॅनहोल: इथे आधी आपत्कालीन क्रमांकाला फोन, मग ग्रुप. तारेत वीज आहे असंच समजून किमान १० मीटर लांब राहा, जमीन ओली असेल तर आणखी लांब. गॅसचा वास आला तर आधी तिथून दूर जा आणि मगच फोन काढा. वाटेत बटणं चालू-बंद करू नका. झाकण नसलेल्या मॅनहोलपाशी लांबून दिसेल असं काहीतरी उभं करा. त्यानंतर ग्रुपवर एक ओळ पुरे: कुठून जाऊ नये आणि कळवून झालं आहे का.

आता जागा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्याच्या आत साठवलेली जागेची माहिती निघून जाते. म्हणजे 'फोटोत लोकेशन असेलच' हे गृहीत धरता येत नाही. लोकेशन वेगळं पाठवावं लागतं, तेही खड्ड्यापाशी उभं राहून. घरी जाऊन 'सध्याचं लोकेशन' पाठवलं तर पिन तुमच्या सोफ्यावर पडते. लाइव्ह लोकेशन तर खड्ड्यासाठी मुळीच नको: ते तुमच्याबरोबर चालत राहतं आणि निवडलेली मुदत संपली की (१५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास) बंद होतं. जागा सोडून आलाच असाल तर नकाशावर ती जागा बोटाने दाबून धरा, पिन टाका आणि ती पाठवा.

पिन असली तरी शब्दांत खूण हवीच. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. उंच इमारतींच्या मधे चूक त्याहून बरीच वाढते आणि पिन शेजारच्या गल्लीत जाऊन बसते. अक्षांश-रेखांश लिहीत असाल तर दशांश चिन्हानंतर ५ आकडे लिहा, म्हणजे सुमारे १ मीटरचा नेमकेपणा येतो. ३ आकड्यांवर थांबलात तर चूक शंभर मीटरच्या घरात जाऊ शकते. प्लस कोड (गूगल नकाशावर मिळणारा, अक्षरं आणि आकडे मिळून बनलेला जागेचा छोटा पत्ता) वापरला तर १० अक्षरी कोड साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन दाखवतो. सुरुवातीची ४ अक्षरं गाळून छोटा कोड दिला तर सोबत गावाचं नाव लिहा, नाहीतर तो कोड निरुपयोगी आहे. दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला किंवा पट्टीवर कोरलेला असेल तर तो या सगळ्यापेक्षा भारी, कारण दुरुस्ती पथकाची यादी त्याच क्रमांकाने चालते.

फोटो दोन पुरतात. एक लांबून, ज्यात न हलणारी खूण दिसते: फाटक, पाटी, वळण. दुसरा जवळून, ज्यात मापासाठी एखादी ओळखीची वस्तू ठेवलेली आहे. नुसता खड्ड्याचा जवळचा फोटो पाहून तो बशीएवढा आहे की टेबलाएवढा, कळत नाही. बंद दिव्याचा रात्रीचा फोटो फसवा असतो: फोनचा नाइट मोड अंधारही उजळ करून दाखवतो. बाजूचे दोन चालू दिवे चौकटीत येतील असा फोटो घ्या, आणि खांबाचा क्रमांक दिवसा टिपा. मॅनहोलच्या झाकणावर बहुतेक वेळा अक्षरं असतात, पाणी, मलनिस्सारण, टेलिफोन असं काही. ती स्पष्ट दिसू द्या. तक्रार कोणाकडे जायची ते त्यावरून ठरतं आणि एक फेरा वाचतो.

मजकुरात काय हवं ते समस्येवर अवलंबून आहे. दिव्यांचं बघा. एकच दिवा बंद असेल तर बहुधा दिव्यातच बिघाड. सलग पाच-सहा बंद असतील तर केबल, फ्यूज किंवा नियंत्रण पेटी. दिवसाढवळ्या चालू असेल तर प्रकाश ओळखणारा सेन्सर किंवा टायमर. जुना पिवळा सोडियम दिवा लागतो, काही मिनिटांनी विझतो, थंड झाला की पुन्हा लागतो. हे सहसा त्याचं आयुष्य संपत आल्याचं लक्षण. 'लाइट नाही' एवढंच लिहिलं तर पथक चुकीचं सामान घेऊन येतं.

पाण्याच्या गळतीत तीन गोष्टी लिहा: पाणी स्वच्छ आहे की मैला, सतत वाहतं की ठरावीक वेळीच, आणि किती. 'किती' मोजणं अवघड नाही. पाणी धारेने पडत असेल तर १ लिटरची बाटली धरा आणि घड्याळ बघा. २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३ लिटर, म्हणजे दिवसाला ४,३२० लिटर. 'खूप पाणी वाया जातंय' या वाक्यापेक्षा हा आकडा तक्रार लवकर वर ढकलतो. मैलापाणी असेल तर अर्थातच हे मोजायला जाऊ नका.

खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली अंदाजे सेंटिमीटरमध्ये द्या, आणि तो वाहनांच्या रांगेत आहे की कडेला हेही. त्याच जागी पुन्हा पुन्हा पडत असेल तर ते ठळक लिहा. खालून पाणी झिरपत असेल तर माती वाहून जाते आणि वरचं डांबर कितीही भरलं तरी खचतं. आधी गळती, मग खड्डा. मात्र या दोन तक्रारी वेगळ्या नोंदवा आणि एकीत दुसरीचा क्रमांक द्या. एकाच तक्रारीत पाणी, रस्ता आणि कचरा कोंबला तर एक विभाग आपलं काम करून सगळी तक्रार 'निकाली' टाकतो.

ग्रुपवरचा संदेश असा असावा:

'#दिवा. खांब क्र. ११२, वाचनालयाच्या मागच्या फाटकासमोर, रस्त्याची उत्तर बाजू. १ दिवा, सोमवारपासून पूर्ण बंद. १११ आणि ११३ चालू. लगेच पुढे पायऱ्या आहेत, रात्री दिसत नाहीत. पिन खाली. तक्रार मी नोंदवतोय, क्रमांक संध्याकाळपर्यंत टाकतो.'

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. नाव घेऊन एकाने जबाबदारी घेतली की बाकीचे दहा जण थांबतात. दहा जणांनी दहा तक्रारी टाकल्या की जोर येतो अशी समजूत आहे, पण अनेक यंत्रणांत एकसारख्या तक्रारी एकत्र करून उरलेल्या बंद करतात. मग नऊ जणांना 'तक्रार बंद' असा निरोप येतो आणि ग्रुपवर भांडण पेटतं. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेली, रस्त्यावरच्या तक्रारी नोंदवण्याची फिक्स-माय-स्ट्रीट ही ऑनलाइन सेवा नवी नोंद करतानाच आसपासच्या जुन्या नोंदी दाखवते, ती याचसाठी. तुमच्या ॲपमध्ये अशी सोय असेल तर 'मलाही हाच त्रास' तिथे नोंदवा; नसेल तर ग्रुपवर मूळ संदेशावर फक्त अंगठा द्या, नवा संदेश नको.

सुरुवातीचा टॅग शोधण्यासाठी असतो, म्हणून त्याचं लेखन एकच ठरवा. कोणी 'दिवा', कोणी 'लाइट', कोणी 'लाईट' लिहिलं की शोध अर्धाच सापडतो. चार-पाच टॅग ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा. त्याहून जास्त केलेत तर कोणी वापरणार नाही.

पाठपुराव्यासाठी एक सामायिक शीट पुरते: तारीख, जागा, प्रकार, तक्रार क्रमांक, कोण बघतंय, शेवटचा पाठपुरावा, स्थिती. आठवड्यातून एकदा उघड्या तक्रारींची यादी ग्रुपवर टाकून तो संदेश ७ दिवसांसाठी वर 'पिन' करून ठेवा. काम न होता 'निकाली' आली तर घाईने नवी तक्रार टाकू नका, तिने मुदत पुन्हा शून्यापासून मोजली जाते. जुनी उघडण्याची सोय आधी बघा. पहिल्या फोटोच्याच कोनातून आजचा फोटो घ्या आणि तोच क्रमांक देऊन लिहा. सोय नसेल तरच नवी, जुन्या क्रमांकाच्या उल्लेखासह.

माणसांबद्दलच्या तक्रारी हा वेगळा आणि नाजूक प्रकार. 'एक अनोळखी माणूस फिरतोय' असा फोटो ग्रुपवर टाकणं म्हणजे निरपराधाच्या मागे जमाव लावण्याचा धोका आहे. ॲडमिनने तो लगेच काढावा. काय घडलं, कुठे, किती वाजता हे पोलिसांना कळवा. चेहरे, मुलं, वाहनांचे क्रमांक फोटोतून कापा किंवा झाका. कोणी शेजारी राडारोडा टाकतोय अशी तक्रार असेल तर ती ॲडमिनला खासगीत द्या, कारण ग्रुपमध्ये तुमचं नाव नि नंबर सगळ्यांना दिसतो.

ॲडमिनसाठी दोन गोष्टी. शुभेच्छा आणि विनोदांना वेगळा ग्रुप काढून द्या. बंदी घालून त्या थांबत नाहीत. आणि 'आपोआप नाहीसे होणारे संदेश' ही सेटिंग बंद आहे ना ते तपासा. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर असते, आणि नेमकी जुनी तक्रार पुन्हा उघडायची वेळ येते तेव्हा मूळ संदेश आणि फोटो दोन्ही गेलेले असतात.